सतरावं उत्तर

"माय हजबंड लाफ्ड फर्स्ट," समोरची बाई म्हणाली, आणि वसुधाच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली. तोवर सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं. गेस्ट हाउसची जेवणाची खोली, टेबलावरचं मेणकापड काढून त्यावर अंथरलेली हिरवी बनात, कपाटातल्या काचेच्या ताटल्या, आणि कितीही खिडक्या उघडल्या तरी न जाणारा कालच्या कोर्म्याचा वास. परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळाला नर्सेस हव्या होत्या. नर्सिंगची परीक्षा काल झाली, आज इंग्रजी बोलण्याची. टेबलाच्या या बाजूला दोघं परीक्षक : इस्पितळातर्फे आलेले डॉक्टर विल्मट, उंच, गुलाबी, लखनौच्या पाण्यानं पोट बिघडल्यामुळे दर तासाला उठणारे, आणि इथल्या मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या वसुधा देवपुजारी, म्हणजे आपली वसुधा, वय एक्केचाळीस, माहेर वर्धा, सासर यवतमाळ, आणि सतरा वर्षं मुक्काम पोस्ट निशातगंज. सकाळपासून अकराजणी होऊन गेल्या होत्या. 'तुमच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस' असं विचारलं की कुणी लग्न सांगे, कुणी नर्सिंगचा निकाल, एकीनं तर मेली आजचाच दिवस म्हणून सांगून टाकलं. ही बारावी. सरोज वर्मा. तिनं दोन्ही हात मांडीवर जुळवून घेतले, मान जरा वर केली आणि सांगायला लागली. डिसेंबरातला रविवार होता. मी, माझे पती आणि आमची लहान मुलगी बसनं चिनहटला गेलो. दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं होती. वसुधाला आधी नुसतं वाटलं, बाईची वाक्यं नेटकी आहेत. मग मोहरीपाशी काहीतरी टोचलं. आणि मोहरीच्या पुढं काय येणार हे तिला त्या बाईच्या आधी कळलं. निळी बरणी येणार. ती आलीच. पतींनी मला चिनी मातीची निळी बरणी घेऊन दिली. मुलीनं हट्टानं ती हातात घेतली. परतताना बसला हिसका बसला आणि बरणी फुटली. क्षणभर सगळे गप्प झाले. मग माझे पती आधी हसले. मग मी हसले, मग सगळी बस हसली. आम्ही रिकाम्या हातांनी आणि भरल्या मनांनी घरी आलो.

डॉक्टर विल्मट सकाळपासून पहिल्यांदा मनापासून हसले. "लव्हली," म्हणाले, आणि त्यांनी वहीत काहीतरी लांबलचक लिहिलं. वसुधा मात्र बनातीकडे बघत बसली. तिचे कान तापले होते. चोरी पकडली गेल्यावर माणसाला कसं होतं ते तिला लहानपणी एकदाच कळलं होतं, शेजारच्यांच्या आवारातले पेरू खिशातून निघाले तेव्हा. आज चोर ती नव्हती, पेरू तर तिचेच होते, तरी तसंच झालं. ते उत्तर तिचं होतं. नऊ वर्षांपूर्वी, त्र्याहत्तरच्या मे महिन्यात, निशातगंजच्या त्याच घरात, जमिनीवर पालथी पडून तिनं ते लिहिलं होतं. बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटलेली, दाराची वाळ्याची ताटी पाणी मारून मारून कुजकट वासाला लागलेली, नवरा, पंढरीनाथ, आपल्या संशोधन संस्थेत गेलेला, मुलगी उल्का भिंतीला पाठ लावून झोपलेली. मिठाईच्या दुकानाच्या माडीवर जगदीशबाबू सक्सेनांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास होता. त्यांना चाळीस प्रश्नांची चाळीस उत्तरं हवी होती, पोरींना पाठ करता येतील अशी. नाव त्यांचं, मेहनत हिची, तक्रार नव्हती. पंढरीनाथांना बायकोनं बाहेर शिकवायला जावं हे तेव्हा पसंत नव्हतं, आणि घरात बसून लिहिण्याला काही ते हरकत घेत नव्हते. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या आलेखाच्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर तिनं लिहायला घेतलं. आवडता ऋतू, रेल्वेचा प्रवास, मला आदर वाटणारी व्यक्ती, अशी सोळा उत्तरं तिनं हां हां म्हणता लिहून काढली. सतराव्याला गाडी अडली. सुखाचा दिवस! चार दुपारी ती नुसती पेन चावत बसली. लग्नाचा दिवस आठवून पाहिला, तर अंगात एकशे दोन ताप होता आणि मुंडावळ्या ओल्या झाल्या होत्या. उल्का झाली तो दिवस पाहिला, तर दवाखान्याच्या दारात उभ्या सासूबाईंचा, 'मुलगी का, बरं' म्हणतानाचा चेहरा. बाई गं, बत्तीस वर्षांच्या बाईला एक दिवस सापडू नये? शेवटी पाचव्या दुपारी तिनं पाच महिन्यांपूर्वीचा चिनहटचा रविवार घेतला आणि जुना ब्लाउज करतात तसा तो उसवून, इथं दाबून तिथं सैल करून, पुन्हा शिवला.

पण आधी आज सकाळचं सांगायला हवं, कारण ते नसतं तर पुढचं एवढं लागलं नसतं. वसुधा नऊच्या आतच गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात येऊन बसली होती. साधी कोटा साडी, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर रात्रीची झोप न झाल्याच्या खुणा. सरोज शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आप भी इंटरव्यू देने आई हैं, दीदी?" वसुधाला काय वाटलं कोण जाणे, ती नाही म्हणाली नाही. हसली नुसती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अनोळखी बाईपाशी माणूस जेवढं बोलतं तेवढं घरच्यांपाशी नाही, आणि सरोजला तर घरचं म्हणून कुणी उरलंच नव्हतं. शहराबाहेरच्या बख्शी का तालाब या गावात राहायची. नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी दुसरी आणून ठेवली होती. घर दोन खोल्यांचं. "वो दोनों अंदर, मैं चूल्हे के पास," ती म्हणाली, जणू रेल्वेतल्या जागा सांगत असावी. माहेरी भाऊ ठेवून घ्यायला तयार नाही. खासगी नर्सिंग होममधली नोकरी तात्पुरती, ती येत्या महिन्यात संपणार. परदेशातलं हे इस्पितळ राहायला खोली देतं, तिच्या नावाची, आतून कडी लागणारी. वय चौतीस वर्षं नऊ महिने; पस्तिशीनंतर अर्ज घेत नाहीत. दोनदा बसली होती, दोन्ही वेळा नर्सिंगमध्ये पहिली आणि या इंग्रजी तोंडी परीक्षेत नापास, कारण प्रश्न विचारला की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. "इस बार ऐसा रटा है दीदी, कोई नींद में पूछ ले तो भी बोल दूँ." मांडीवर ब्राऊन कागदाचं कव्हर घातलेली वही होती, तिच्यावर ती हात फिरवत होती. नंतर चपराश्यानं वसुधाला 'मैडम, अंदर चलिए' म्हटलं तेव्हा सरोजनं जीभ चावली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर असं हसू फाकलं की बघवेना. अपनी ही दीदी निकलीं. ते हसू घेऊनच ती आत आली होती, आणि उत्तर संपल्यावर तेच हसू घेऊन आता ती वसुधाकडे बघत होती.

बघत होती, कारण पुढचा प्रश्न वसुधाचा होता. पद्धतच तशी होती. बाहेरच्या माणसाला शहरात कुठल्या वह्या फिरतात ते कळत नाही, म्हणून एक परीक्षक गावातला घ्यायचा, आणि उत्तर झालं की त्यानं त्या उत्तराला धरून एक प्रश्न विचारायचा. पोपटपंची असेल तर तिथं उघडी पडते. पाठ केलेलं उत्तर असेल तर शेवटच्या रकान्यात एक फुली, आणि फुली पडली की बाकी सगळं पाण्यात. आता खरं सांगायचं तर सकाळपासून वसुधानं अकराच्या अकराजणींना सांभाळून घेतलं होतं. लग्नात साडीचा रंग कोणता होता? निकाल कुणी सांगितला? असे प्रश्न, की गाढवालाही उत्तर यावं. इथं ही सरोज! हिला तर 'बरणी कुठल्या रंगाची' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. ब्लू, मॅडम. झालं. आतून कडी लागणारी खोली. वसुधाच्या ओठांवर तेच होतं. ब्लू म्हणायला किती वेळ लागतो?

पण तिच्या डोक्यात 'माझे पती आधी हसले' हे वाक्य घोंगावत होतं, आणि तिथून मन जे सुटलं ते थेट त्या बसमध्ये. किती खोटं होतं ते! पंढरीनाथ हसले नव्हते. बरणी घेताना ते म्हणाले होते, "तिच्या हातात देऊ नकोस." एवढंच. आणि उल्का सहा वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी, 'मी धरते, आई मी धरते' म्हणून नाचत होती, म्हणून वसुधानं दिली. निशातगंजच्या अलीकडं बस आचके देत थांबली आणि बरणी फुटली. बसमध्ये कोणी हसलं नाही. कंडक्टर म्हणाला, काँच उठा लीजिए बहनजी. पंढरीनाथांनी ब्र काढला नाही. ते उतरले आणि पुढं चालू लागले. रागावून बोलणारा नवरा परवडतो, बोलून मोकळा होतो; हा माणूस मूग गिळून बसायचा आणि त्याच्या गप्प बसण्यानं घरातलं पाणीसुद्धा जड व्हायचं. घरी आल्यावर त्यांनी खुर्ची ओढली, कसलंसं जर्नल उघडलं आणि त्यात डोकं घातलं. आणि वसुधा? तिनं मनात म्हटलं, ठीक आहे, तुम्ही नाही बोलत तर मीही बोलत नाही, बघू कोण हरतं ते. कणीक मळली. पोळ्या लाटायला बसली, दाराकडं पाठ करून. उल्का आधी वडलांपाशी गेली. तिथून ती आईपाशी आली. "आई, मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. वसुधा लाटत राहिली. तिचा राग पोरीवर नव्हताच, तो त्या खुर्चीवर होता. पण खुर्चीशी अबोला धरताना बोलणं कुणाशीच होईना. पोर पुन्हा तिकडं गेली, पुन्हा इकडं आली. आई, मी मुद्दाम नाही केलं. असं चार वेळा. चार वेळा हे तिला पक्कं माहीत आहे, कारण ती मोजत होती. पाचव्यांदा म्हणाली की वळायचं, कुशीत घ्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलंही होतं. पाचव्यांदा आवाज आला नाही. जेवायला हाक मारायला गेली तर पोर उंबऱ्याशी पायांत बूट तसेच ठेवून झोपली होती.

तो अबोला अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी संपला असं म्हणायचं, पण संपला कुठं? घराला त्याची चटक लागली. मग मीठ जास्त झालं म्हणून, पत्र उशिरा टाकलं म्हणून, पुढं पुढं तर कशावरून तेही आठवेना. मधल्या काळात संसार थांबत नाही, चहा लागतो, धोबी येतो, म्हणून उल्काचा पोस्टमन झाला. आईला सांग, दही लावलंय का. बाबांना सांग, नाही लावलं. सहा वर्षांची, सात वर्षांची, आठ वर्षांची पोर या खोलीतून त्या खोलीत निरोप पोचवत फिरायची. कधीतरी, कोणत्या दिवशी ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, ती ते निरोप हिंदीत पोचवायला लागली. "आई, बाबा कह रहे हैं दही जमा दो." वसुधानं आधी कौतुकानं घेतलं, शाळेचं वळण म्हणून. आता ती पंधरा वर्षांची आहे. मैत्रिणींशी गच्चीवर तासन्‌तास खिदळते, जिना उतरून आत आली की हाँ, नहीं, ठीक है. मराठी समजतं, सगळं समजतं. आईनं मराठीत विचारलेल्याला ती हिंदीत उत्तर देते, तेही विचारलं तेवढंच. आलेल्या-गेलेल्याला वाटतं, काय शांत घर आहे हो देवपुजारींचं. दोघंही शिकलेली, एका शब्दानं भांडण नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि जगदीशबाबूंच्या त्या चाळीस उत्तरांच्या प्रती निघाल्या, प्रतींवरून पोरींनी वह्या केल्या, वह्यांवरून आणखी वह्या. नऊ वर्षं या शहरातल्या, चिनहटच्या, तालाबच्या कुठल्या कुठल्या खोल्यांत, चुलीपाशी, दिव्याशी बसून बायका घोकत होत्या, माय हजबंड लाफ्ड फर्स्ट. वसुधाच्या घरात जे एकदाही घडलं नाही ते परक्या बायकांच्या तोंडात इतक्या वेळा घडून गेलं होतं की आता ते तिच्या खऱ्या रविवारापेक्षा जास्त खरं झालं होतं. सरोजनं ते किती छान म्हटलं! 'लाफ्ड' म्हणताना तिचा चेहराही हसला होता. त्या चुलीपाशी झोपणाऱ्या बाईला तो हसणारा नवरा मनापासून आवडत असावा. वसुधाला तिचा भयंकर हेवा वाटला. हेवा आणि राग, दोन्ही.

"अँड व्हॉट हॅपन्ड," ती म्हणाली, "आफ्टर यू रीच्ड होम?"

तोंडातून शब्द निघाल्यावर तिला कळलं की आपण काय विचारलं. पण त्याहून वाईट म्हणजे, तिला उत्तर हवं होतं. परीक्षक म्हणून नाही. घरी पोचल्यावर काय झालं ते या बाईला माहीत असेल, असं तिला खरोखर वाटलं. ज्या बाईनं तो दिवस इतका तोंडपाठ केला, झोपेत विचारला तरी सांगेन म्हणते, तिला पुढचंही ठाऊक असेल. ती सांगेल की नवरा आत आला आणि त्यानं अमुक केलं, बायको तमुक म्हणाली, पोरीला कुणीतरी जवळ घेतलं. काहीतरी घडत असेलच ना, हसत हसत घरी आलेल्या माणसांच्या घरात. वसुधा जराशी पुढं झुकली. डॉक्टर विल्मटही झुकले, बिचारे कौतुकानं.

सरोजचं हसू पुसलं गेलं. ती आधी वसुधाकडे, मग भिंतीकडे, मग कपाटातल्या ताटल्यांकडे बघायला लागली, जणू तिथं कुणी लिहून ठेवलं असेल. ओठ हलले. "वुई केम होम," ती म्हणाली, "विथ एम्प्टी हँड्स अँड फुल हार्ट्स." हो, वसुधा म्हणाली. इंग्रजीत, मऊ आवाजात, हो, आणि मग? तिथं थांबता आलं असतं. पण तिनं पुन्हा विचारलं, मग काय झालं? बाहेर कुणाची तरी सायकल आपटली. सरोजच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तिनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला, आणि शेवटी अगदी हळू, सकाळच्या दीदीला म्हणून सांगावं तसं बोलली, "इसके आगे तो लिखा नहीं है, मैडम."

डॉक्टर विल्मटनी वसुधाकडे मान वळवली. त्यांना हिंदीचं अक्षर कळत नव्हतं. काय म्हणाली ती? त्यांच्या चेहऱ्यावर अजून ते पहिलं हसू शिल्लक होतं. बाई गडबडली, असं होतंच, एवढं मानायला ते तयार बसले होते. 'आठवत नाही म्हणते' एवढं म्हटलं की काम झालं असतं. 'आनंदाच्या भरात पुढचं आठवत नाही म्हणते' म्हटलं असतं तर वर दोन गुण जास्त मिळाले असते. भाषांतर करणारं माणूस एकटंच असतं, त्याला विचारणारं कोण? आणि वसुधाला खोटं अवघड होतं असंही नाही, याच सतराव्या उत्तरात तिनं ते किती सफाईनं लिहिलं होतं. पण आयुष्यात खरं बोलायच्या एवढ्या जागा आल्या नि गेल्या, चार वेळा तर पोर पाठीमागं येऊन उभी राहिली, तेव्हा हिची दातखिळी बसली होती. आणि नको तिथं, नको त्या घटकेला वसुधा खरं बोलली. "ती म्हणते आहे," वसुधानं इंग्रजीत शब्दाला शब्द लावून सांगितलं, "की याच्यापुढचं लिहिलेलं नाही."

"ओह," डॉक्टर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी आपल्या वहीतली ती लांबलचक ओळ एकदा वाचली आणि तिच्यावर रेघ मारली. मग शेवटच्या रकान्यात फुली. वसुधा घाईघाईनं म्हणाली की हिचे नर्सिंगचे गुण बघा, सगळ्यांत वर आहेत, बाई फार चांगली आहे, नुसती घाबरली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. हो हो, डॉक्टर म्हणाले, पण मिसेस देवपुजारी, रुग्ण काही वहीतलं विचारत नाहीत. त्यांनी घंटी वाजवली. सरोज उठली, खुर्ची आवाज न करता आत सरकवली, दोघांना नमस्ते केलं. इंग्रजीत तिला काहीच कळलं नाही असं नव्हतं. घाबरलेली नसली की तिला सगळं कळायचं.

तेरावी आली, चौदावी आली. वसुधानं विचारलं, कोणता रंग होता. वसुधानं विचारलं, कोणी सांगितलं. दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तिच्यानं आत बसवेना. व्हरांड्यात पायरीवर सरोज बसलेली होती. फुली पडलेल्यांचे कागद चपराशी लगेच परत करतो, ते तिच्या मांडीवर होते, आणि वर ती ब्राऊन कव्हराची वही. वसुधाला वाटलं, ही आता बोलेल. शिव्या देईल, रडेल, पाय धरेल. तिची सगळ्याला तयारी होती. उलट तिला ते हवंच होतं. सरोजनं पायरीवरचा पाला हातानं बाजूला केला आणि बसायला जागा करून दिली. "आपने ठीक ही किया, मैडम," ती म्हणाली. "गलती हमारी है. आधा ही रटा था."

आधा नाही गं बाई, वसुधाला ओरडून सांगावंसं वाटलं, तेवढंच आहे, तेवढंच लिहिलं मी. पण ती खाली बसली. मार्चचं ऊन फरशीवर पडलं होतं. "आता काय करशील?" तिनं हिंदीत विचारलं. सरोजनं खांदे उडवले. काय करणार, टेम्पो पकडणार, तालाबला जाणार. पाचच्या आत पोचलं तर चूल तिची, नंतर गेलं तर दुसरीची. मग तिनं वही उघडली, सतरावं उत्तर काढलं. अक्षर गोल, शाळकरी, दुसऱ्या कुणाच्या तरी वहीतून उतरवलेलं. 'फुल हार्ट्स'च्या पुढं पान कोरं होतं. "हमारे साथ एक लड़की है, नयना. अगले साल वो बैठेगी. उसकी उमर है अभी," ती म्हणाली. "उसको भी यही पूछेंगे, घर पहुँच के क्या हुआ. आप लिखवा दीजिए. आपको तो आता होगा." आणि तिनं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

आतून भांड्यांचे, चमच्यांचे आवाज येत होते. मग वसुधानं ठरवलं. कधी नाही ते ठरवलं, की हिला तरी सांगायचं. हिचं आपण वाटोळं केलं, हिला निदान खरं द्यायचं. इंग्रजीतच बोलली, एकेक शब्द सुटा करून, वर्गात सांगते तसं. घरी पोचल्यावर कोणी बोललं नाही. माझी मुलगी चार वेळा माझ्यापाशी आली. ती म्हणाली, मी मुद्दाम नाही केलं. मी वळून पाहिलं नाही. हे शब्द तिनं आजवर कोणत्याच भाषेत उच्चारले नव्हते; डोळे भरले, आणि तरी आत कुठंतरी हलकं वाटायला लागलं. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की पेन्सिल चालत नाहीये. पहिल्या वाक्यानंतर सरोजनं लिहिणं थांबवलं होतं. ती वसुधाकडे बघत होती, दयेनं नाही, रागानं तर नाहीच. नुसतं, नर्सनं चुकीची बाटली परत द्यावी तसं.

"ये रहने दीजिए, मैडम," ती म्हणाली. "ये तो सबके घर का है. इस पर नंबर कौन देगा?" तिनं लिहिलेलं पहिलं वाक्य खोडरबरानं नीट पुसलं, फुंकर मारून कण उडवले आणि पेन्सिल पुन्हा कागदाला टेकवली. वसुधानं पदरानं नाक पुसलं. डॉक्टर विल्मट दारात येऊन घड्याळ बघून गेले. मग वसुधानं सांगायला सुरुवात केली, सावकाश, विरामचिन्हांसकट. घरी पोचल्यावर माझ्या पतींनी मुलीला उचलून घेतलं, कॉमा, आणि म्हणाले, आपण पुढच्या रविवारी दुसरी आणू, फुलस्टॉप. मी सगळ्यांसाठी चहा केला, फुलस्टॉप. माझी मुलगी रात्री झोपेपर्यंत आमच्याशी बोलत होती. सरोजनं 'बोलत होती'पर्यंत सगळं गोल अक्षरात उतरवलं, ओठ हलवत एकदा वाचून पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"हाँ," ती म्हणाली, "अब सच्चा लगता है. आगे?"